हेशमत-आगांचे दरवाजे

सब्झदश्तच्या कारखान्यात मेट्रोचे डबे बनतात आणि त्या डब्यांचे दरवाजे हेशमत-आगा बसवतात. नीट बसवलेला दरवाजा कोणासाठी थांबत नाही. घंटा वाजली की मिटला. आणि बसवणारा माणूस असा, की मागची सगळी मंडळी आत गेल्याशिवाय हा उंबरा ओलांडायचा नाही. देवाला कधी कधी फार गंमत सुचते, दुसरं काय.

इराणात भिडस्त माणसांची वानवा नाही. दोन माणसं एका दारापाशी आली की तिथेच अडली म्हणून समजा. एक म्हणणार, ‘बेफर्माईद’, म्हणजे व्हा पुढे. दुसरा म्हणणार, ‘छे छे, तुम्ही बेफर्माईद.’ ‘तुमच्याआधी मी? जीव गेला तरी नाही.’ याला म्हणतात तारोफ. टॅक्सीवालासुद्धा आधी म्हणणार, ‘राहू द्या हो, तुमच्याकडून कसलं भाडं’, आणि तुम्ही खरंच न देता उतरलात तर गल्लीच्या टोकापर्यंत शिव्या घालणार. कुठे थांबायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा मान तुकवून आत शिरायचं, संपलं. हेशमत-आगांना हे थांबणंच कधी जमलं नाही. त्यांचा तारोफ खरा होता. त्यांना मनापासून वाटायचं की जगातला प्रत्येक माणूस आपल्याआधी आत जायला हवा.

याची किंमत त्यांनी मोजली नव्हती असं नाही. पंचविशीत असताना आईनं त्यांच्यासाठी बाजारामागच्या गल्लीतली, चपलांच्या दुकानदाराची मुलगी पाहिली. आई, मामा आणि हातात फुलं घेतलेले हेशमत असे तिघं मागणी घालायला गेले. मध्यस्थ बाईनं काय घोळ घातला कोण जाणे, त्याच संध्याकाळी त्याच दारात दुसरं एक कुटुंब उभं. तेही मागणी घालायलाच आलेलं. दार उघडलं. हेशमत एक पाऊल मागे सरले, छातीवर हात ठेवून म्हणाले, ‘बेफर्माईद.’ ती माणसं कसली थांबतायत, शिरली. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण त्या दुसऱ्या मुलाच्या हातात फुलं नव्हती, घाईत घरी विसरला होता. रिकाम्या हातानं कसा जाणार बिचारा, म्हणून ह्या शहाण्यानं आपला गुच्छ त्याला देऊन टाकला. मुलगी त्या घरी गेली, आणि लग्नात पुलाव वाढायला सगळ्यात पुढे कोण, तर हेशमत.

“तुझ्या जागी गाढव नेलं असतं,” आई पुढे कैक वर्षं म्हणायची, “तर ते निदान आत तरी शिरलं असतं.”

हेशमत-आगा हसायचे. आई गेली, केस पांढरे झाले, पन्नाशी उलटली, घरात एकट्याच्या चहाचा समोवार उकळत राहिला. फुलं घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं म्हटलं की त्यांना आईचं ते गाढव आठवायचं, म्हणून त्यांनी तो विषयच सोडून दिला होता. हे अर्थात तूबा खानोम कारखान्यात यायच्या आधीचं.

कारखान्यात दरवाजांच्या विभागाच्या कोपऱ्यात एका लोखंडी चौकटीत एक दरवाजा अडकवलेला असतो. तो कुठल्याच डब्याचा नाही. दिवसरात्र नुसता उघडतो आणि मिटतो, उघडतो आणि मिटतो. पुढे प्रवाशांच्या वर्दळीत असे दरवाजे किती वर्षं टिकतील हे बघायला त्याला असं राबवतात. तूबा खानोम वायरिंगच्या विभागात बदलून आल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांनी पाहिलं, की एक उंच, वाकलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस ह्या दरवाजासमोरून चाललाय. दरवाजा उघडला तसा तो माणूस थबकला, छातीवर हात ठेवून बाजूला झाला आणि वाट पाहू लागला.

“अहो आगा,” तूबा खानोम म्हणाल्या, “आतून कोणी येणार नाहीये. पलीकडे भिंत आहे.”

हेशमत-आगांचे कान लाल झाले. “सवय आहे हो,” ते म्हणाले.

“भिंतीला कळवते तसं,” त्या म्हणाल्या आणि पुढे निघून गेल्या. हेशमत-आगा त्या दिवशी दरवाज्याच्या एका पाकळीचा रबर उलटा बसवून बसले. त्यांच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं.

तूबा खानोम विधवा. नवरा ट्रकवर होता, रस्त्यातच गेला. एकुलत्या मुलाला त्यांनी वायरी ओढून ओढून वाढवलं, शिकवलं. अंगानं लहानखुऱ्या, डोक्यावरचा रुमाल कायम कानामागे खोचलेला, जिभेला हाड नाही. वायरिंगच्या बायका त्यांना भ्यायच्या आणि त्यांच्यावाचून एक दिवस काढू शकायच्या नाहीत.

आता डबा कसा बनतो ते थोडं सांगायला हवं, नाहीतर ह्या दोघांचं मेतकूट कुठे जमलं ते कळायचं नाही. अॅल्युमिनियमच्या लांबच लांब, आतून पोकळ फळ्या येतात. एकीला एक लावून कुदरत त्या जोडतो. कुदरत म्हणजे वेल्डर, हेशमत-आगांचा लहानपणापासूनचा दोस्त, आवाज असा की वेल्डिंगच्या ठिणग्यासुद्धा दचकाव्यात. जमीन वेगळी, दोन्ही बाजू वेगळ्या, छत वेगळं, मग सगळं मिळून एक पोकळ कवच. त्यात उभं राहून शिंकलं तर शिंक परत ऐकू येते. कवचाला रंग लागतो, आतून थंडी-ऊन-आवाज अडवणारी गादी लागते, आणि मग वायरिंगच्या बायका आत शिरतात. एका डब्यात जितकी वायर जाते तितकी सब्झदश्तच्या सगळ्या घरांत मिळून नसेल. त्या वायरी आधी लांब टेबलावर खिळ्यांच्या मधून ओढून, बांधून, मनगटाएवढ्या जाड जुड्या करायच्या, आणि एकेक जुडी आठ-दहा जणींनी खांद्यावर घेऊन डब्यात न्यायची. तूबा खानोम पुढे, बाकीच्या मागे, नवरीचा पदर धरल्यासारख्या.

मग जमीन, काचा, बाकं. शेवटी दरवाजे. प्रत्येक दरवाज्याला दोन पाकळ्या, वर एक मोटर, कडेला रबर. मध्ये कोणाचा हात, पिशवी, ओढणी सापडली तर दरवाज्यानं स्वतःहून परत उघडायला हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडीतला एक जरी दरवाजा पुरता मिटला नसेल तर खालच्या मोटरींना वीजच जायची नाही. गाडी जागची हलणार नाही. दरवाजा मिटला हे मोटरला सांगणार कोण? तर तूबा खानोमची वायर. म्हणजे प्रत्येक दरवाज्यापाशी हेशमत-आगा खाली उंबऱ्याशी बसलेले आणि तूबा खानोम वर शिडीवर, दरवाज्यावरच्या उघड्या झाकणात डोकं घालून. त्या बोलायच्या तेव्हा हेशमत-आगांना त्यांचे नुसते पाय दिसायचे.

“मिटवा,” वरून आवाज यायचा.

“बेफर्माईद,” खालून.

“हेशमत-आगा, दरवाज्याला बेफर्माईद काय म्हणता? बटण दाबा.”

दुपारी ते दोघं डब्यातच जेवायचे, समोरासमोरच्या बाकांवर, प्लास्टिक न काढलेल्या. तूबा खानोम हिरव्या भाजीचा कूकू, म्हणजे अंड्याचा जाड पोळा, आणि वांग्याचं लोणचं आणायच्या. हेशमत-आगा सकाळी रांगेत उभं राहून ताजी सांगक रोटी आणायचे, रांगेत चार जणांना पुढे सोडून. जेवणाआधी पहिला घास कोणी घ्यायचा यावर रोज एवढा वेळ जायचा की रोटी गार व्हायची. शेवटी तूबा खानोम म्हणायच्या, “घ्या हो, नाहीतर मी तुमच्या तोंडात कोंबीन.” तेव्हा हेशमत-आगा घ्यायचे, आणि त्यांना तो घास दिवसभर गोड लागायचा. अख्ख्या कारखान्याला कळलं होतं. दोन माणसं सोडून.

मग ईदचे दिवस जवळ आले. ही ईद म्हणजे नवरोझ, नवं वर्ष. घराघरांत गालिचे धुवून भिंतीवर टाकले, ताटलीत गव्हाचे अंकुर हिरवे झाले, बाजारात लाल मासे आले. आणि तूबा खानोमच्या मुलाचा फोन आला. तो बंदर अब्बासला बंदरावर नोकरीला लागला होता, मोठं घर मिळालं होतं. म्हणाला, आई, आता पुरे, कायमची इकडे ये. तूबा खानोमनी नोकरी सोडायचा अर्ज दिला. कारखान्याचे मुदीर, म्हणजे मोठे साहेब, म्हणाले, ठीक आहे, पण हातातली गाडी पास झाली की मगच. तिच्या दरवाज्यांच्या वायरी तुमच्या आहेत.

हे हेशमत-आगांना जेवताना कळलं. त्यांच्या हातातली संत्र्याची फोड तशीच राहिली.

“बंदर अब्बासला ऊन फार असतं म्हणतात,” तूबा खानोम म्हणाल्या. त्यांच्याकडे न बघता, लोणच्याच्या बरणीचं झाकण लावत.

आता इथे कोणीही, अगदी ते गाढवसुद्धा, काहीतरी बोललं असतं. हेशमत-आगा म्हणाले, “हो, पण समुद्र आहे ना.”

तूबा खानोमनी झाकण इतकं घट्ट फिरवलं की दुसऱ्या दिवशी ते उघडेना.

“तू माणूस आहेस की काय आहेस?” संध्याकाळी कुदरत चहाच्या दुकानात टेबलावर हात आपटत म्हणाला. “समुद्र आहे! तू काय बंदराचा दलाल आहेस? तिला राहा म्हणायचं होतं.”

“कसं म्हणणार? तिचा मुलगा आहे तिकडे. मी कोण?”

“तू कोण ते तिला सांग ना. उद्या जा आणि सरळ बोल.”

दुसऱ्या दिवशी हेशमत-आगा गझ मिठाईचा डबा घेऊन गेले. रात्रभर मनात वाक्यं घोकली होती. तूबा खानोम शिडीवर होत्या. ते खालून म्हणाले, “तूबा खानोम, तुमच्या लायक नाही, पण घ्या.”

“अहो कशाला त्रास घेतलात.”

“त्रास कसला. माझं घर तुमचंच आहे.”

“तुमची मोठी मेहेरबानी,” तूबा खानोम म्हणाल्या. शिडीवरून खाली पाहत थांबल्या. बराच वेळ थांबल्या. हेशमत-आगांना वाटलं, आपण सांगून टाकलं. ते वाट पाहू लागले. तूबा खानोमनी मग एक उसासा सोडला आणि झाकणात डोकं घातलं.

चूक कोणाचीच नव्हती. माझं घर तुमचंच आहे, हे हेशमत-आगा दूधवाल्याला म्हणायचे, पोस्टमनला म्हणायचे, मागच्या महिन्यात वीज कापायला आलेल्या माणसालाही म्हणाले होते. इतकी वर्षं त्यांनी चांगले चांगले शब्द येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटून टाकले होते, आणि जिला खरोखर द्यायचे तिच्यासाठी एक उरला नव्हता. ते त्यांच्या रात्री अंथरुणात पडल्यावर लक्षात आलं. फार वाईट वाटलं त्यांना. उठून त्यांनी चहा केला आणि तो न पिताच ओतून दिला.

गाडी पास व्हायचा दिवस उजाडला. गाडी तपासायला तेहरानहून तीन पाहुणे आले, त्यांतले मुख्य म्हणजे जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक आजोबा, हसायचं नाही अशी शपथ घेतलेले. शेडमध्ये लाकडी फलाट बांधला होता. त्याला लागून नवी गाडी उभी, अंगावर धुळीचा कण नाही. परीक्षा साधी. कारखान्यातली सगळी माणसं फलाटावर उभी राहतील. दरवाजे उघडतील. घंटा वाजून दरवाजे मिटेपर्यंत सगळ्यांनी आत शिरायचं. सगळे दरवाजे मिटले तर दिवा हिरवा होईल, मोटरींना वीज जाईल आणि गाडी आवारातल्या रुळावरून एक फेरी मारेल. गाडी बांधून घेणारे मोहंदेस, म्हणजे इंजिनियर, बेहराद नावाचे तरुण गृहस्थ. त्यांनी सगळं शंभरदा तपासलं होतं. वायरी, मोटरी, ब्रेक, रबर. माणसं तपासायची राहिली.

“नापास होऊ दे लेका,” कुदरत हेशमत-आगांच्या कानाशी लागला. “ईद संपेपर्यंत पाहुणे परत यायचे नाहीत. तेवढे दिवस ती इथे अडकेल.”

“माझे दरवाजे आहेत ते,” हेशमत-आगा म्हणाले.

दरवाजे उघडले. फलाटावर रंगारी, सुतार, वायरिंगच्या बायका, कचेरीतले कारकून, खानावळीचा आचारी, आणि मधोमध दस्तुरखुद्द मुदीर. सगळे मुदीरसाहेबांकडे पाहून बाजूला झाले. बेफर्माईद. मुदीरसाहेबांनी आचाऱ्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांच्या वडिलांच्या वयाचा. बेफर्माईद. आचारी म्हणाला, मला माती द्या पण तुमच्याआधी नाही. पलीकडच्या दारात दोन कारकून एकमेकांना आत ढकलत होते, म्हणजे प्रेमानं. घंटा वाजली. दरवाजे मिटले, अगदी वेळेवर, अगदी हळू. आत चार माणसं, बाकी सगळी फलाटावर छातीवर हात ठेवून.

आजोबांनी चष्मा पुसला.

“दोस्तहो,” बेहराद कळवळून म्हणाले, “तेहरानला सकाळी सात वाजता तुम्ही गाडी पकडताय असं समजा. तिकडे कोण तारोफ करतं?”

“तिकडे कोणी ओळखीचं नसतं, मोहंदेस,” मागून कोणीतरी म्हणालं, आणि खरंच होतं ते. अनोळखी माणसाला कोपर मारणं वेगळं. इथे कोणाला मारणार? ज्याच्या बारशाला गेलो त्याला?

“मग ओळख विसरा. पाच मिनिटं कोणी कोणाचा कोणी नाही.”

दुसऱ्या खेपेला माणसांनी जीव तोडून प्रयत्न केला. कुदरतनं डोळे मिटले आणि बैलासारखा घुसला, त्यात खानावळीच्या आचाऱ्याचा पाय तुडवला गेला. आचारी ‘आई गं’ म्हणाला. झालं. कुदरत परत बाहेर. लागलं का आगाजान, माझे हात तुटोत, बसा इथे. चार जण पाणी आणायला धावले, दोन जण आचाऱ्याला वारा घालू लागले. दरवाजे मिटले.

तेहरानचे आजोबा घड्याळ पाहत उठले. “एकदा अजून,” ते म्हणाले. “मग आम्हाला निघायला हवं. ईदनंतर बघू.”

बेहरादचा चेहरा रडवेला झाला होता. वर्षभराचं काम होतं त्यांचं. मुदीरसाहेब पुढे आले, घसा खाकरला आणि म्हणाले, “मी आता सगळ्यांच्या आधी, कोणाला न विचारता आत शिरणार आहे. मागाहून माझ्याबद्दल घरी काहीही बोला. पण जो माझ्या मागोमाग शिरणार नाही त्याला ईदची मिठाई नाही.”

दरवाजे उघडले आणि मुदीरसाहेब खरंच शिरले. साहेबांनीच सोडली म्हटल्यावर सगळ्यांची लाज गेली. मेंढरं वाड्यात शिरावी तशी माणसं आत गेली, एकमेकांची माफी मागत, पण गेली. तेहरानचे पाहुणेही त्या लोंढ्यात आत ओढले गेले आणि फलाट रिकामा झाला. तिसऱ्या डब्याच्या मधल्या दरवाज्यापाशी तेवढी दोन माणसं उरली, कारण त्या दोघांनी आपल्या मागच्या सगळ्यांना पुढे सोडलं होतं.

“बेफर्माईद, तूबा खानोम,” हेशमत-आगा म्हणाले.

“तुम्ही व्हा,” तूबा खानोम म्हणाल्या. खांद्यावर हत्यारांची पिशवी, हात कमरेवर. “तुम्ही वयानं मोठे.”

“बाईमाणसाच्या आधी कसा जाणार?”

“मग नका जाऊ.” त्यांच्या आवाजात राग होता. आणि रागाच्या खाली काहीतरी थकलेलं होतं, ते हेशमत-आगांनी पहिल्यांदाच ऐकलं.

घंटा वाजू लागली. आतून सगळा डबा त्यांच्याकडे बघत होता. कुदरत काचेला नाक लावून काहीतरी ओरडत होता. हेशमत-आगांना आपला दरवाजा ठाऊक होता. घंटा किती वाजणार, पाकळी कधी सुटणार, सगळं. तो मिटला तर गाडी नापास. तूबा आणखी काही दिवस इथे राहील, रोज जेवायला समोर बसेल, आणि रोज आपण समुद्राबद्दल बोलू. तो मिटायच्या आत दोघं आत गेलो तर गाडी पास, आणि तूबा उद्याच्या बसनं बंदर अब्बासला. म्हणजे आत जायचं असेल तर नुसतं आत जाऊन भागणार नाही. हे सगळं त्यांच्या डोक्यात एका क्षणात आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणाचीच वाट पाहावीशी वाटली नाही.

पाकळ्या सुटल्या. हेशमत-आगा आत शिरले. बाईमाणसाच्या आधी, बेफर्माईद न म्हणता, सरळ आत. वळले, तूबा खानोमच्या पिशवीचा पट्टा मुठीत धरला आणि ओढला. तूबा खानोम धडपडत आत आल्या आणि त्यांच्या पाठीमागे दरवाजा मिटला. त्यांच्या रुमालाच्या टोकालासुद्धा धक्का न लावता मिटला, असा बसवला होता हेशमत-आगांनी तो.

दिवा हिरवा झाला. गाडी हलली.

विजेची गाडी सुरू होते तेव्हा धडधडत नाही, धूर सोडत नाही. नवी असली तर तिचा आवाज म्हणजे कोणीतरी लांबवर शीळ घालतंय एवढाच. तेव्हा डब्यात जी शांतता पडली ती सगळी माणसांची होती. हेशमत-आगा बाईच्या आधी आत गेले, हे पचवायलाच लोकांना वेळ लागत होता. वायरिंगच्या एका मुलीनं तोंडावर हात ठेवला होता.

हेशमत-आगांनी पट्टा सोडला नव्हता. पण आवाज निघाला तो नेहमीचा, मऊ, आणि त्या शांततेत डब्याच्या दोन्ही टोकांना ऐकू गेला.

“तूबा खानोम, बंदर अब्बासला जाऊ नका. तुम्ही गेलात तर मला घास जायचा नाही. हा तारोफ नाही. माझ्याशी लग्न कराल?”

तेहरानचे आजोबासुद्धा चष्मा हातात धरून बघत राहिले. तूबा खानोमचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मागून वायरिंगच्या बायकांना एकदम कंठ फुटला. तिकडे लग्नात नवरीला तीनदा विचारतात. पहिल्यांदा ती गप्प बसते आणि बायका सांगतात, नवरी फुलं तोडायला गेलीय. दुसऱ्यांदा सांगतात, गुलाबपाणी आणायला गेलीय. तिसऱ्यांदा कुठे ती हो म्हणते. सात पिढ्यांत याहून निराळं कोणी ऐकलं नव्हतं.

“नवरी फुलं तोडायला गेलीय,” बायका एका सुरात ओरडल्या, आणि अख्खा डबा हसत सुटला, मुदीर, आचारी, कुदरत, सगळे. बेहराद मोहंदेस डोळे पुसत होते. हेशमत-आगाही हसले. रीत ती रीत. त्यांनी मान तुकवली, घसा साफ केला आणि दुसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं.

“कोणी कुठे गेलेलं नाही,” तूबा खानोम म्हणाल्या. “मी इथेच उभी आहे. हो. आणि आता तो पट्टा सोडा, खांदा निखळला माझा.”